अद्भुताचा परवाना, इतिहासाचा शिक्का

‘छावा’ हा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित होण्यापूर्वी त्यातील एक दृश्य वगळण्यात आले. संभाजी महाराजांना लेझीम खेळताना दाखवणे अनुचित आहे, अशी हरकत घेतली गेली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ती मान्य केली. त्याच चित्रपटाच्या प्रारंभी, बुऱ्हाणपूरच्या स्वारीत, संभाजी महाराज सिंहाशी झुंजतात आणि नुसत्या हातांनी त्याचा जबडा फाडतात. या दृश्यावरून तसे काहूर उठले नाही. लेझीम ही माणसाला शक्य असलेली, इथल्या मातीतली गोष्ट. सिंहाचा जबडा फाडणे ही अद्भुताच्या प्रदेशातली. जे शक्य होते ते इतिहासविरोधी ठरले आणि जे जवळजवळ अशक्य ते इतिहासात बिनबोभाट सामावले. गेल्या सहा-सात वर्षांत मराठ्यांच्या इतिहासावर जे साहसपट आले, त्यांच्यासंबंधीची आपली सगळी चर्चा कुठे चुकते आहे हे समजून घेण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

ही चर्चा दोन गटांत वाटली गेली आहे. एका गटाला हे चित्रपट इतिहासाच्या कसोटीवर तपासायचे असतात. पागोटे बरोबर आहे का, अमुक सरदार त्या प्रसंगी तेथे होता का, तोफ त्या काळची आहे का, अशी ही तपासणी असते. २०२२ साली ‘हर हर महादेव’वरून जो वाद झाला, ठाण्यात खेळ बंद पाडण्यापर्यंत जो गेला, तो याच भूमिकेतून. दुसरा गट विद्यापीठीय आहे. हा लोकप्रिय संस्कृतीचा आविष्कार असून त्याच्याकडे करमणूक म्हणूनच पाहावे, अभिजनांनी नाक मुरडू नये, असे तो सांगतो. हे दोन्ही गट एकमेकांचे विरोधक समजले जातात. माझ्या मते दोघेही एकाच लबाडीला हातभार लावतात. पहिला गट चित्रपटाचा इतिहास असल्याचा दावा आधी मान्य करतो आणि मग तपशिलाच्या चुका काढतो. दुसरा तो दावा जणू केलाच गेला नाही असे धरून चालतो. हे चित्रपट मुळात कोणत्या साहित्यप्रकाराचे संकेत वापरतात, आणि प्रेक्षकाशी कोणता करार करतात, हा समीक्षेचा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही.

अद्भुत ही कराराची कला आहे. तोदोरोव्हने १९७० साली अद्भुताची मीमांसा करताना वाचकाच्या संभ्रमाला मध्यवर्ती स्थान दिले. घडते आहे ते निसर्गनियमात बसते की त्यापलीकडचे आहे, या दोलायमान अवस्थेत वाचक जोवर असतो तोवरच ते अद्भुत. त्याची सर्व विभागणी आपल्याला पत्करता येणार नाही, कारण आपल्या कथापरंपरेत अतिमानुषाचा स्वीकार अधिक सहजपणे झालेला आहे. तरी त्यातील मुख्य मुद्दा टिकतो. अद्भुत हे घटनेत नसते, ते वाचनसंकेतात असते. ‘बाहुबली’च्या दुसऱ्या भागात (२०१७) ताडाची झाडे वाकवून सैनिकांना तटावर भिरकावले जाते, तेव्हा प्रेक्षक हसतो आणि टाळ्याही वाजवतो, कारण माहिष्मतीचे राज्य त्याच्यासमोर कल्पित म्हणूनच मांडलेले आहे. त्याची कोणी फसवणूक करीत नाही.

आपल्याकडे हा करार सर्वांत समजूतदारपणे पाळला तो शाहिरांनी. तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा घ्या. त्याच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु त्यातील उदेभानाचा अचाट आहार, गडावरचा हत्ती, यशवंती घोरपड यांचे स्वरूप काय आहे याविषयी कोणत्याही काळच्या श्रोत्याच्या मनात संदेह नसावा. शाहीर समोर उभा आहे, डफ वाजतो आहे, झीलकरी ‘जी जी’ म्हणून साथ देत आहेत. म्हणजे सांगणारा सांगतो आहे हे सतत दिसत राहते. अतिशयोक्ती येथे उघड्यावर असते. श्रोता घोरपडीवर विश्वास ठेवतो तो गाण्यापुरता, आणि तानाजीवर विश्वास ठेवतो तो आयुष्यभरासाठी. या दोन विश्वासांची गल्लत पोवाडा होऊ देत नाही.

आता याच विषयावरचा ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ (२०२०) पाहू. त्याच्या शीर्षकाला जोडलेले इंग्रजी शब्द आहेत ‘द अनसंग वॉरियर’, म्हणजे ज्याला कोणी गायिले नाही असा योद्धा. महाराष्ट्रात ज्याच्याइतके क्वचितच कोणी गायिले गेले असेल, त्यालाच न गायिलेला म्हणायचे! ही निव्वळ जाहिरातीची चूक नव्हे. तुळशीदास, हरिभाऊ आपटे, कोल्हापुरात १९२३ साली हरिभाऊंच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ हा मूकपट काढणारे बाबूराव पेंटर, १९३३ साली त्याच विषयावर बोलपट करणारे शांताराम आणि प्रभात, ही सगळी सांगणाऱ्यांची परंपरा पुसल्याशिवाय ‘हे प्रथमच उजेडात येणारे सत्य आहे’ असा आव आणता येत नाही. सांगणारा पुसला की उरते ती फक्त घटना, आणि ती संगणकाने रंगवलेली असली तरी दस्तऐवजाच्या तोऱ्यात वावरते.

आणि घटना तरी कोणत्या? कोंढाण्यावर चढवून राजगडावर मारा करण्यासाठी आणलेली ‘नागीण’ नावाची अजस्र तोफ हे उघडच कल्पनेचे अपत्य आहे. त्याहून बोलके आहे ते उदयभानाने पळवून आणलेल्या राजपूत स्त्रीचे उपकथानक. मराठी वाचकाला ही कमलकुमारी ओळखीची आहे, कारण ती हरिभाऊंच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीतून आली आहे. हरिभाऊंनी मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असे लिहून जे कल्पिले, ते शतकानंतर चित्रपटात इतिहासाचा भाग होऊन परतले. उदयभानाची भूमिका करणाऱ्या सैफ अली खान यांनी प्रदर्शनानंतर एका मुलाखतीत हा इतिहास आहे असे आपल्याला वाटत नाही, असे सांगितले, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. समीक्षकाने जे म्हणायला हवे होते ते नटाने म्हटले, एवढाच त्यांचा अपराध.

या दुटप्पीपणाचा एक ठरलेला क्रम दिसतो. विकताना इतिहास, अंगाशी येताना कल्पना. ‘छावा’च्या बाबतीत गणोजी आणि कान्होजी यांच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, तेव्हा दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. चित्रपट शिवाजी सावंत यांच्या १९७९ च्या कादंबरीवर आधारलेला आहे, हे तर श्रेयनामावलीतच नोंदलेले आहे. पण तो पाहून डोळे पुसत बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला आपण आजऱ्यात जन्मलेल्या एका कादंबरीकाराची कल्पनासृष्टी पाहिली असे कुठे वाटते? रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला (१९६८) नरहर कुरुंदकरांची जी प्रदीर्घ प्रस्तावना आहे, तिच्यात इतिहासाची सामग्री आणि कादंबरीकाराची निर्मिती यांचा संबंध तपशिलाने चर्चिला गेला होता. म्हणजे वाचकाला करार समजावून सांगण्याची गरज निदान त्या पिढीला वाटत होती. ऐतिहासिक कादंबरीने हा करार नेहमी पाळला असे मी म्हणणार नाही. तिच्यातील अलंकृत भाषेने अनेकदा हाच घोटाळा केला. पण पुस्तक मिटता येते, मागचे पान उलटून पाहता येते. अंधाऱ्या सभागृहात कर्णकर्कश नादात ती सवड नसते.

रसविचाराच्या दृष्टीने पाहिले तर घोटाळा आणखी खोल जातो. भरताने वीराचा स्थायीभाव उत्साह मानला आणि त्याच्या विभावांत असंमोह, अध्यवसाय, नय, विनय यांची गणना केली. चित्त गोंधळलेले नसणे, निश्चय, राजनीतीचे भान, ही वीराची सामग्री आहे. रौद्राचा स्थायी क्रोध, आणि त्याची पात्रे राक्षस, दानव, उद्धत माणसे. आजच्या साहसपटांनी नायकाला सरसकट रौद्राच्या हवाली केले आहे. शिरा ताणलेली गर्जना, मंदगतीने उडणारे रक्त, एकट्याने कापलेले शेकडो. गनिमी काव्याची लढाई मुळात नयाची. अंधार, वाट, वेळ, मोजकी माणसे यांचा तो हिशेब. त्या हिशेबाला पडद्यावर दोन मिनिटे मिळतात आणि गर्जनेला वीस. भरताच्याच व्यवस्थेत अद्भुत हा वीरापासून उद्भवतो, रौद्रापासून उद्भवतो तो करुण. रौद्र पेरून अद्भुताची अपेक्षा करणाऱ्यांना शेवटी छळाच्या दीर्घ दृश्यांकडे वळावे लागते ते यामुळेच. ‘छावा’च्या अखेरीस कवी कलश आणि संभाजी महाराज यांच्यात जे काव्यमय सवालजबाब होतात, तेवढ्यापुरता असंमोह दिसतो, आणि ‘बुधभूषण’ रचणारा राजा क्षणभर भेटतो. चित्रपटातील ती सर्वांत चांगली जागा आहे. बाकी सारा वेळ तो गर्जत असतो.

कोल्हापूरच्या माणसाला तरी ही गोष्ट सांगावी लागू नये. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती पाहणारा प्रेक्षक शरीराचे वजन ओळखतो. खडाखडीत दोन मल्ल नुसते एकमेकांचा अंदाज घेत असतात तेव्हा हजारो माणसे गप्प बसतात. दम कोणाचा फुगला, पट कोण काढणार, हे ती वाचत असतात. मग डाव पडतो आणि जो विस्मय उसळतो तो खरा अद्भुत, कारण तो शक्यतेच्या मर्यादेला घासून आलेला असतो. बार्थने पॅरिसच्या करमणुकीच्या कुस्तीवर लिहिले ते वेगळ्या प्रकाराबद्दल. तिथला प्रेक्षक सोंग आहे हे जाणून सोंगाचा आनंद घेतो. तोही करार प्रामाणिकच. तारांवर लटकवलेला वजनहीन नट मात्र खासबागेचा दम मागतो आणि सोंगाची सवलतही मागतो.

याचे परिणाम सभागृहापुरते राहत नाहीत. ‘छावा’मध्ये बुऱ्हाणपूरची लूट दाखवली गेल्यावर असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री विजेऱ्या घेऊन मोगलांचे सोने खणू लागल्याच्या बातम्या आल्या. ते हसण्यावारी नेता येईल. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीच्या प्रश्नावरून नागपुरात दंगल झाली, तेव्हा या चित्रपटामुळे लोकभावना प्रज्वलित झाल्याचे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. चित्रपटाने दंगल घडवली असे सोपे समीकरण मी मांडत नाही. परंतु ज्या कलाकृतीला कल्पनेची मोकळीक आहे, तिच्यावर प्रेक्षक साक्षीपुराव्यासारखा विसंबतो, हे या दोन्ही प्रसंगांतून दिसते. आमच्या कळंब्याच्या बाजूला गणेशोत्सवात सजीव देखावे होतात. त्यांत पोरे आता चित्रपटातला पोशाख आणि चित्रपटातलेच ध्वनिमुद्रित संवाद वापरतात. ओठ हलवायचे एवढेच त्यांचे काम. पूर्वी निदान संहिता कोणीतरी गल्लीतला लिहीत असे.

यात मराठी समीक्षेचाही वाटा आहे, आणि तो जुना आहे. ‘यमुनापर्यटन’ला (१८५७) आपण मान दिला, ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांना बालिश म्हणून अडगळीत टाकले. १८७१ साली ‘मोचनगड’ आली ती त्या अद्भुतरम्य कादंबरीच्या वातावरणातूनच, परंतु तिला इतिहासाचे नाव मिळाल्यामुळे प्रतिष्ठा लाभली. तेव्हापासून मराठीत कल्पनेला समाजात मिरवायचे असेल तर इतिहासाचा शिक्का घ्यावा लागतो. शिक्क्यावाचून आलेल्या नारायण धारपांना आपण वाचनालयाच्या फाटक्या पुस्तकांच्या कपाटात ठेवले. त्यांच्या कथेचे ऋण घेऊन राही अनिल बर्वे यांनी २०१८ साली ‘तुंबाड’ केला. कोकणातला पाऊस, मोडका वाडा, पिठाची बाहुली, सोन्यासाठी पुन्हा पुन्हा विहिरीत उतरणारा विनायक आणि हस्तर नावाचा सर्वस्वी रचलेला देव. १९१८ ते १९४७ हा काळ त्यात आहे, पण कोणत्याही दप्तराचा दाखला तो देत नाही. तरी एका मराठी ब्राह्मण कुटुंबाच्या लोभाविषयी, वारशात पोराला काय दिले जाते याविषयी, त्यात जेवढे सत्य आहे तेवढे वर उल्लेखिलेल्या साऱ्या रणपटांत मिळून नाही. हा मराठी मातीतला, मराठी लेखकाच्या ऋणातला अद्भुतपट हिंदीत झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा लोकांनी गर्दी केली. आमच्या पदव्युत्तर वर्गातल्या ज्या मुलांनी तो पाहिला, त्यांच्यापैकी एकानेही हस्तर खरा होता का, असे विचारले नाही.