गुलालाचा एक दिवस असतो

जुना सिनेमा पुन्हा मोठ्या पडद्यावर आणायचा तर तो होता तसा आणावा. रंगवून, कापून, वर 'नव्या पिढीसाठी' म्हणून आमच्या पुढ्यात वाढू नये. मी 'मुगल-ए-आझम'बद्दल बोलतोय.

के. आसिफ यांचा हा सिनेमा ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईत मराठा मंदिरला लागला. रत्नागिरीकडच्या आमच्या वाडीला तो दिसायला पुढे काही वर्षं गेली. पावसाळ्यात तंबू उभा राहणं शक्यच नसे. भातकापणी उरकली, मळे सुकले की टुरिंग टॉकीज यायची. जनरेटर धडधडायचा, रीळ बदलेपर्यंत पोरं शिट्ट्या मारायची. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बापये. उर्दू संवाद आम्हाला अर्धेच कळत; मोहल्ल्यातली चाची शेजारच्या बायांना उरलेले अर्थ सांगायची. जोधाबाई झालेल्या दुर्गा खोटे मात्र सगळ्यांना आपल्या घरातल्याच वाटायच्या.

तो सिनेमा बहुतांश काळापांढरा होता. दरबार, लढाई, बापलेकाचं भांडण, सगळं काळंपांढरं. मग शीशमहाल येतो. एक साधी नाचणारी पोर भर दरबारात बादशहाच्या तोंडावर सांगते की मी प्रेम केलंय आणि मी भीत नाही. तिथे पडद्यावर रंग फुटतो! कंदिलाच्या उजेडात जेवणारी आम्ही माणसं. अंगावर काटा आला होता. तो रंग म्हणजे तिचं धाडस होतं. हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

१२ नोव्हेंबर २००४ ला तोच सिनेमा पूर्ण रंगीत होऊन आला. मूळचा १९७ मिनिटांचा, तो १७७ मिनिटांचा झाला. गाण्यांनाही कात्री लागली. मी तो थोरल्या बहिणीबरोबर मुंबईत पाहिला. आवाज झकास होता, पडदा भलामोठा होता, ते नाकारत नाही. पण शीशमहाल आला आणि आक्का माझ्या कानाशी म्हणाली, "अरे, ह्यो सगलाच रंगीत! मंग ती नाचाया लागली तवा नवा काय झाला?"

चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला जे कळलं, ते रंगवणाऱ्यांना कळू नये?

ते म्हणतात, आसिफना स्वतःलाच सगळा सिनेमा रंगीत करायचा होता. असेल. पण वितरक थांबायला तयार नव्हते, तेव्हा हाती होतं त्यातूनच त्या माणसाने सिनेमा पुरा केला, आणि देशाने तोच डोक्यावर घेतला. ते काम तिथे पुरं झालं. दुसरं म्हणतात, आजच्या पोरांना काळंपांढरं पाहवत नाही. दाखवलंत कधी मोठ्या पडद्यावर? मोबाइलवर चार इंचांत दाखवायचं आणि पोरांना नावं ठेवायची! तिसरं म्हणणं पैशाचं: रंगाशिवाय तो थिएटरात आलाच नसता. मग रंगीत चालवा की! पण दिवसाचा एक खेळ तरी मूळचा ठेवा.

दुरुस्ती वेगळी आणि रंगरंगोटी वेगळी. आमच्याकडे जांभ्याची भिंत ढासळली तर चिरा बदलतात, वर ऑइलपेंट फासत नाहीत. 'शोले'चं पाहा. १९७५ साली, आणीबाणीत, सेन्सॉरने त्याचा शेवट बदलायला लावला होता. २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याला दुरुस्त प्रत दाखवली, ती मूळ शेवट परत जोडून. काढून घेतलेलं परत देणं, याला दुरुस्ती म्हणतात.

शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा गुलाल उधळायचा. रोज उधळला तर पालखी आल्याचं कळणार कसं?

म्हणून सांगणं एवढंच. 'मुगल-ए-आझम' पुन्हा लावाल तेव्हा पूर्ण १९७ मिनिटांचा लावा, रंग जिथे होता तिथेच ठेवा. आणि तो मुंबई-पुण्यापुरता ठेवू नका, रत्नागिरीपर्यंत येऊ द्या. माझ्या नातीने तो रंग फुटताना बघायला हवा. तिला तो समजेल की नाही, याची काळजी तुम्ही करू नका.