बोअर म्हणजे शेतकरी. मग नांगर कोणाच्या हातीं?

डच भाषेंत ‘बोअर’ या शब्दाचा अर्थ शेतकरी असा आहे. त्यामुळें दक्षिण आफ्रिकेंतील बोअर लोकांची हकीकत ऐकतांना आमच्या कुणबी, माळी, धनगर बंधूंस वाटेल कीं, हे तर आपलेच भाऊबंद. मातींत राबणारे आणि बलाढ्य इंग्रज बादशाहीशीं झुंजणारे. ते शूर होते, यांत वाद नाहीं. परंतु नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा, ही म्हण आपणच रोज वापरतों. शेतकरी म्हणविणाऱ्या या लोकांच्या शेतांत नांगर कोण धरीत होता, आणि पुढें त्याच जमिनीखालीं सोनें निघालें तेव्हां तें कोणी खणलें, एवढे दोनच प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

डच व्यापारी कंपनीनें १६५२ सालीं आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास केप येथें ठाणें घातलें. तेथें वसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांचे वंशज ते बोअर. पुढें केप इंग्रजांच्या हातीं गेलें आणि १८३४ सालीं तेथील गुलाम मोकळे करण्याचा कायदा अंमलांत आला. बोअरांस हें रुचलें नाहीं. नव्या जमिनीची हांव होतीच. १८३५ पासून हजारों कुटुंबें बैलगाड्या जुंपून उत्तरेकडे निघालीं. व्हाल नदी ओलांडून, बंदुकीच्या जोरावर न्देबेले राजा म्झिलिकाझी यास १८३७ सालीं त्यांनीं हांकलून लावलें आणि जो मुलूख बळकावला तो ट्रान्सव्हाल. १८५२ सालीं इंग्रजांनीं त्यांचें स्वातंत्र्य मान्य केलें. त्या करारांत आणखी एक कलम होतें : काळ्या लोकांस दारूगोळा विकावयाचा नाहीं. गोऱ्यास मात्र मोकळीक. १८५८ च्या त्यांच्या राज्यघटनेंत तर स्पष्टच लिहिलें होतें कीं, देवळांत काय किंवा राज्यांत काय, गोऱ्यांची व काळ्यांची बरोबरी चालूं दिली जाणार नाहीं. देवाच्या दारींही सोंवळें-ओंवळें! आमच्या वाचकांस हें निराळें समजावून सांगावयास नको.

आतां पहिल्या प्रश्नाचें उत्तर ऐका. ज्या काळ्या कुळवाड्यांच्या बापजाद्यांची ती जमीन, त्यांसच तिच्यावर राहण्याच्या मोबदल्यांत बोअर मालकाची वेठ करावी लागे. स्वाऱ्यांमध्यें धरून आणलेलीं लहान मुलें ‘उमेदवार’ या गोंडस नांवाखालीं घरोघर राबविलीं जात. गुलामगिरी हा शब्द तेवढा टाळला. बाकी सर्व तेंच.

मग १८८६ सालीं विटवाटर्सरँड येथें सोन्याची खाण सांपडली. माळरानावर जोहान्सबर्ग शहर उभें राहिलें. युरोपांतून भांडवलवाले धांवले, आणि ज्या इंग्रजांनीं हा मुलूख १८७७ सालीं गिळून १८८१ सालीं मार खाऊन ओकला होता, त्यांच्या तोंडास पुन्हां पाणी सुटलें. बोअरांचा अध्यक्ष पॉल क्रूगर बाहेरून आलेल्या गोऱ्यांस सहजासहजीं मत देईना. १८९५ च्या अखेरीस जेम्सन नांवाच्या इसमानें हत्यारबंद टोळी घेऊन चढाई केली, ती फसली. अखेर ११ ऑक्टोबर १८९९ रोजीं युद्ध पेटलें.

या वेळीं इंग्रज मुत्सद्द्यांस एकाएकीं गरिबांचा कळवळा आला! बोअर काळ्यांस छळतात, हिंदी लोकांस जमीन घेऊं देत नाहींत, असा त्यांनीं गलबला केला. तक्रार खोटी नव्हती. १८८५ चा बोअरांचा कायदा हिंदी माणसास नागरिकत्व नाकारीत होता. नाताळांतील हिंदी लोकांनीं, मोहनदास गांधी यांच्या पुढाकारानें, जखमी इंग्रज सैनिकांच्या डोल्या वाहिल्या. बक्षीस काय मिळालें? युद्ध जिंकल्यावर इंग्रजांनीं जुना कायदा अधिकच कडक केला, आणि १९०६ सालीं हिंदी माणसाच्या बोटांचे ठसे घेण्याचा हुकूम काढला.

युद्धांत बोअरांचे हाल झाले, हें आम्ही लपवीत नाहीं. त्यांचीं शेतें व घरें इंग्रजांनीं जाळलीं, बायकापोरें छावण्यांत कोंडलीं. तेथें २६ हजारांहून अधिक जीव गेले. कांहीं बोअर कैदी तर आमच्या अहमदनगरासही आणून ठेवले होते. परंतु काळ्या लोकांच्या छावण्या निराळ्या होत्या, आणि तेथें मेलेल्यांपैकीं १४ हजारांहून अधिकांची नोंद सांपडते. पहिल्यांचें स्मारक उभें राहिलें. दुसऱ्यांची आठवण जगास पुष्कळ उशिरा झाली.

३१ मे १९०२ रोजीं तह झाला. त्याचें आठवें कलम प्रत्येक शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. काळ्यांस मत द्यावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न गोऱ्यांस स्वराज्य मिळाल्यावर पाहूं, असें त्यांत ठरलें. मांजरास शिंक्याची राखण! ज्यांनीं तीन वर्षें एकमेकांचीं डोकीं फोडलीं, ते या एका कलमावर विनातक्रार एक झाले. तहाच्या कागदावर दोन मालकांच्या सह्या होत्या. किंमत तिसऱ्याच्या घामानें चुकती व्हावयाची होती.

ती कशी चुकती झाली, हा आमचा दुसरा प्रश्न. त्या खाणींतील सोनें खोल आणि विरळ. एक टन खडक वर काढून दळावा तेव्हां जेमतेम तोळाभर हातीं लागे. यंत्रें महाग, औषधें महाग, आणि सोन्याचा भाव जगाच्या पेठेंत बांधलेला. तो वाढवितां येईना. मग नफा कोठून काढावा? एकच जागा उरली : मजुराचें पोट. खाणवाल्यांनीं संघ करून मजुरी ठरविली आणि १८९७ सालीं ती कापली. पासाशिवाय काळ्या मजुरास हलण्याची सोय नव्हती. राहावयास कुंपणाची कोंडवाड्यासारखी वसाहत. युद्धानंतर कमी मजुरीवर लोक येईनात, तेव्हां मजुरी वाढविण्याऐवजीं १९०४ पासून साठ हजारांहून अधिक चिनी मजूर करारानें आणले. सोनें खोल नव्हतें इतका हा लोभ खोल होता.

१९०७ सालीं ट्रान्सव्हालास स्वराज्य मिळालें. मत फक्त गोऱ्या पुरुषांस; मुख्य प्रधान झाला तो बोअर सेनापती लुई बोथा. १९१० सालीं सर्व वसाहतींचें एक राज्य झालें आणि १९१३ सालीं जमिनीचा कायदा आला. लोकसंख्येंत सुमारें दोन तृतीयांश असलेल्या काळ्यांस देशाची सुमारें ७ टक्के जमीन. बाहेर विकत घेण्यास बंदी. कुळवाडी बेदखल झाला म्हणजे खाणींत उतरल्यावांचून त्यास गत्यंतर नव्हतें. १९४६ सालीं साठ हजारांहून अधिक काळ्या खाणकामगारांनीं दिवसास दहा शिलिंग मागून संप केला. तो पोलिसांच्या बळावर मोडला. सर्वांस मत मिळावयास १९९४ साल उजाडावें लागलें. आणि त्यानंतरही, २०१२ सालीं, जुन्या ट्रान्सव्हालांतील मारिकाना येथें मजुरी वाढवून मागणाऱ्या ३४ संपकऱ्यांस पोलिसांनीं एकाच दिवशीं गोळ्या घातल्या. खाण प्लॅटिनमची होती, एवढाच फरक.

कोणी म्हणेल, सातासमुद्रापलीकडची ही उठाठेव कशाला? जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ पुस्तक लिहिलें तेव्हां तें अमेरिकेंतील गुलाम मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केलें होतें. दुसऱ्याच्या पायांतील बेडी पाहिल्याखेरीज आपली कळत नाहीं, हें त्या महात्म्यानें ओळखलें होतें.

बोअर हा इंग्रजांकडून नागविला गेला, हें खरें. पण नागविला गेलेला माणूस आपोआप न्यायी होतो, हें खरें नाहीं. शेटजी-भटजींच्या जाचाविरुद्ध आम्ही ओरडलों, तें योग्यच केलें. आज मात्र आम्हीच शेतकरी या नांवाखालीं कोणाकोणास मोजतों, तें पाहूं या. आमच्या बांधावरचा वाटेकरी, पोरेंबाळें घेऊन गांव सोडणारा ऊसतोड मजूर, गांवकुसाबाहेरचा भूमिहीन, उन्हांत खुरपणारी बाई, हीं त्यांत आहेत कीं नाहींत? सात-बाऱ्यावर नांव नाहीं म्हणून तीं शेतकरी नव्हेत काय? भाव वाढवून मागतांना आमचा आवाज चढतो; रोज वाढवून देतांना तो कां बसतो?

बंधूंनो, शेतकऱ्याच्या नांवानें कोणी निशाण उभारील तेव्हां अवश्य जा. पण तहाचा कागद लिहिला जाईल तेव्हां आठवें कलम वाचावयास विसरूं नका. आणि तें लिहिणारा हात आपलाच नाहीं ना, हेंही पाहा.