घरगुती संगणक : फोटो गेले कुठे?



गेल्या काही महिन्यांत मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत उभी असताना मला सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न टॅक्सचा नाही, व्हिसाचा नाही आणि उकडीच्या मोदकांचाही नाही. प्रश्न असा : "आमच्या वेबसाइटवर मजकूर दिसतो, फोटो मात्र दिसत नाहीत. घरी तर सगळं व्यवस्थित दिसत होतं!" (विचारणारे बहुतेक जण स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आणि मी रसायनशास्त्राची, हा भाग सोडून देऊ. लोहाराच्या घरची विळी बोथट असायचीच.) तेव्हा या वेळचं सदर याच विषयावर.

तयार साच्यात पान करून देणाऱ्या कंपन्या आज पुष्कळ आहेत. तरीही आपल्यापैकी बरीच कुटुंबं हाताने पान तयार करतात. कुणाची मुलं शाळेत एचटीएमएल शिकतात म्हणून, तर कुणाला गावाकडच्या नातेवाइकांना खातं उघडा, पासवर्ड ठेवा असं सांगत बसायचं नसतं म्हणून. मुंज, लग्न, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन अशी ही पानं असतात. त्यात मजकूर चार ओळींचा, खरा ऐवज म्हणजे फोटो. आणि नेमके तेच गायब होतात!

पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती ही, की वेबपानात फोटो नसतोच. जुन्या अल्बममध्ये काळ्या कागदावर कोपरे लावून फोटो चिकटवलेला असायचा. वेबपानात त्या जागी फक्त एक चिठ्ठी असते : "अमुक कपाटातला, अमुक नावाचा फोटो इथे आणून दाखवा." मजकुरातच चित्र दाखवण्याची ही सोय मार्क अँड्रीसन यांनी १९९३ च्या फेब्रुवारीत सुचवली. तेव्हा ते इलिनॉय विद्यापीठात मोझेक हा ब्राउझर तयार करत होते. चिठ्ठीची पद्धत तेव्हापासून आजपर्यंत तीच आहे. ब्राउझर चिठ्ठी वाचतो, कपाटाकडे जातो, फोटो सापडला नाही की मोडक्या चित्राची खूण दाखवून मोकळा होतो. म्हणून "फोटो गेले" असं म्हणण्यापेक्षा "चिठ्ठीवर काय लिहिलं आहे?" असं विचारावं.

आपल्याच एका घरातलं उदाहरण घेऊ. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी नातवंडांनी पान केलं. सांगलीच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेतले कृष्णधवल फोटो स्कॅन करून आणले होते. इथल्या रात्री पान तयार झालं, तिकडे सकाळी आजीने भाचीच्या टॅब्लेटवर उघडलं. नावं दिसली, तारखा दिसल्या आणि खाली नुसते रिकामे चौकोन. आजीचा निरोप आला, "छान झालंय हो, पण आमचे हे कुठे दिसत नाहीत." इथे मात्र नातवाच्या लॅपटॉपवर आजोबा फेट्यासकट हजर!

कारण अगदी साधं होतं. नातू बघत होता ते पान त्याच्याच डिस्कवरचं होतं. ब्राउझरच्या वर, जिथे पत्ता दिसतो, तिथे सुरुवातीलाच "फाइल" हा शब्द असेल तर समजा की तुम्ही इंटरनेटवर नाही, स्वतःच्याच घरात बसला आहात. आणि त्याच्या चिठ्ठ्यांवर लिहिलं होतं, "सी ड्राइव्हमधल्या पिक्चर्स फोल्डरमधून आणा." हा पत्ता फक्त त्या लॅपटॉपपुरता खरा. सांगलीच्या टॅब्लेटला इथला सी ड्राइव्ह कुठून सापडणार? उपाय असा, की पान आणि फोटो आधीपासूनच एका फोल्डरमध्ये ठेवायचे आणि चिठ्ठीवर पूर्ण पत्ता न लिहिता "माझ्याच शेजारच्या 'फोटो' फोल्डरमधून" एवढंच लिहायचं. मग तो सगळा फोल्डर उचलून कुठेही नेऊन ठेवा, शेजार बदलत नाही. आणि हो, फोटोही सर्व्हरवर चढवायचे असतात. नुसतं पान चढवून फोटोंची वाट बघणारी घरंही मला माहीत आहेत.

(जाता जाता : सर्व्हर म्हणजे ढगात काहीतरी अशी आपली समजूत असते. १९९४ साली सुरू झालेल्या हरिकेन इलेक्ट्रिक या इंटरनेट कंपनीचं मुख्य ठाणं आपल्या फ्रीमाँटमध्येच आहे आणि तिची यंत्रघरंही इथेच आहेत. तुमचं पान ढगात नसून वॉर्म स्प्रिंग्जच्या एखाद्या इमारतीत असणं अगदी शक्य आहे.)

पत्ता बरोबर, फोटो चढवलेला आणि तरी दिसत नाही, असं झालं तर नाव तपासा. कॅमेरे फाइलच्या शेवटचं जेपीजी बहुधा मोठ्या रोमन अक्षरांत लिहितात, आपण चिठ्ठीवर छोट्या अक्षरांत. विंडोजला यात फरक वाटत नाही, मॅकलाही सहसा नाही. पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्सच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं आहेत. मला त्याचं म्हणणं पटतं. आमच्याकडे मोठा सी आणि छोटा ओ म्हणजे कोबाल्ट, दोन्ही मोठी अक्षरं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. एक धातू आहे, दुसरा विषारी वायू!

आता खास आपल्या भाषेची अडचण. वर सांगितलेल्या पानावर पत्ते दुरुस्त केल्यावर सगळे फोटो आले, एक सोडून. तो जेजुरीचा होता. लग्नानंतर देवदर्शनाला गेले असताना आजोबा रीतीप्रमाणे आजींना उचलून घेऊन चढताहेत, असा. फाइलचं नाव मराठीत दिलं होतं, 'जेजुरी-पायऱ्या'. चिठ्ठीवरही 'जेजुरी-पायऱ्या'च होतं. डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरी तसूभर फरक नाही.

फरक होता तो 'ऱ्या'मध्ये. हे अर्ध्या चंद्रासारखं अर्धं र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतं. एक, खाली टिंब असलेलं स्वतंत्र 'ऱ' अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दोन, साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकायचं. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखी, आत साठवलेले आकडे वेगळे. कोणता कीबोर्ड काय लिहील ते त्याच्या मर्जीवर. यात आणखी एक मेख म्हणजे, टिंबवाला 'ऱ' सुद्धा एका आकड्यात किंवा 'र' अधिक टिंब असा दोन आकड्यांत साठवता येतो आणि जुने मॅक फाइलच्या नावात त्याची अशी फोड करत असत. माणसाला एकच शब्द, सर्व्हरला तीन. पुदिन्यात आणि बाळंतशेपात कार्व्होन नावाचं एकच द्रव्य असतं, पण एकातलं दुसऱ्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखं. कागदावर सूत्र तेच, नाकाला मात्र तत्काळ फरक कळतो. सर्व्हरचं नाक असंच तिखट असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, फाइलींची नावं रोमन छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्यावीत. यात मराठीचा अपमान वगैरे नाही. चिठ्ठी प्रवासाला निघते तेव्हा देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. 'गणपती' या पाच चिन्हांच्या नावाची पंचेचाळीस होतात, ती कुणीच वाचत नाही. मराठी लिहायची ती फोटोखाली, दिसेल अशी. आणि चिठ्ठीतच 'अल्ट' नावाचा एक रकाना असतो, त्यातही लिहा : "जेजुरी, आजोबा आणि आजी". फोटो आला नाही तर निदान तेवढे शब्द उमटतात, आणि ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना फोन ते वाचून दाखवतो. हा रकाना रिकामा सोडू नये.

आयफोनवाल्यांसाठी आणखी एक. २०१७ पासून आयफोन एचईआयसी या प्रकारात फोटो ठेवतो. नव्या सफारीत ते दिसतात, क्रोममध्ये नाहीत. म्हणजे क्युपर्टिनोत काम करणाऱ्या मावशीकडे सगळं छान आणि साताऱ्यात अँड्रॉइडवर चौकोन! चढवण्याआधी फोटो जेपीजी करून घ्या. नुसतं नावाचं शेपूट बदलू नका. बाटलीवरची चिठ्ठी बदलून आतलं द्रव्य बदलत नाही.

फोटो दुसऱ्याच्या जागेवर ठेवून आपल्या पानावर फक्त चिठ्ठी लावण्याचा मोह टाळा. फोटोबकेटने २०१७ मध्ये फुकट खात्यांची ही सोय बंद केली आणि लोकांच्या पानापानांवरचे फोटो एकदम नाहीसे झाले. त्याआधी २६ ऑक्टोबर २००९ ला याहूने जिओसिटीज बंद केलं, तेव्हा तर पानंच गेली. आपल्याला याची झळ दुहेरी लागली. नव्वदच्या दशकात वाचणाऱ्याकडे मराठी फाँट असेलच याची खात्री नसायची, त्यामुळे कितीतरी जण मराठी मजकूरच चित्र करून पानावर लावत. तिथे चित्र गेलं की मजकूरही गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्हने पुष्कळ जुनी पानं जपली आहेत, पण त्यातही अनेकदा पान सापडतं आणि चित्राच्या जागी रिकामा चौकोन. तुमचं स्वतःचं तेव्हाचं पान असेल तर तिथे जरूर शोधा आणि सापडलेली चित्रं घरी उतरवून ठेवा.

तपासणीची रीत सांगून थांबते. रिकाम्या चौकोनावर उजवी कळ दाबा, चित्र नव्या टॅबमध्ये उघडा आणि वरचा पत्ता अक्षर अक्षर वाचा. ४०४ आलं तर नाव किंवा जागा चुकली. ४०३ आलं तर फाइल आहे, पण इतरांना बघायची परवानगी दिलेली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. आणि शेवटची चाचणी स्वतःच्या संगणकावर करू नका. तो तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे. स्टीव्हनसन बुलेव्हार्डवरच्या मुख्य वाचनालयात संगणक आहेत. तिथे दिसलं तर सांगलीला फोन करा.

पुढच्या अंकात जुन्या मराठी फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा ते पाहू. कुणाकडे जुन्या स्मरणिकांच्या फाइली पडून असतील तर पुढच्या कार्यक्रमाला पेनड्राइव्हवर घेऊन या. फ्लॉपी असली तरी आणा, ड्राइव्ह आहे माझ्याकडे.