बाजारात कोणाला विचारले?

नव्या गिऱ्हाइकाला उधारी देण्यापूर्वी व्यापारी त्याची पत त्याच्याच तोंडून ऐकत नाही. बाजारातील दोन-चार पेढ्यांवर चौकशी करतो. त्याच घरातील महाविद्यालयीन मुलगा मात्र संस्थेची विश्वासार्हता तिच्याच संकेतस्थळावर शोधतो. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या घरात हे विशेष खटकते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० तथ्यपडताळणी करणारे व्यावसायिक आणि २५ विद्यार्थी यांची परीक्षा घेतली. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळे समोर ठेवली होती. एक १९३० पासूनची, हजारो सदस्यांची. दुसरी २००२ मध्ये तिच्यातून फुटलेली, छोटीशी. पडताळणी करणाऱ्यांनी पान क्षणभर पाहिले, लगेच बाहेर पडून इतरांनी त्या संघटनेविषयी काय लिहिले आहे ते वाचले आणि भेद ओळखला. विद्यार्थी तेथेच रेंगाळले. सुबक मांडणी व संदर्भांची यादी यांवर भाळले. विद्वान इतिहासकारही काही फसले!

अडचण वृत्तीची आहे. फ्लोरिडातील मेलिसा ग्रॉस व डॉन लेथम यांना आढळले की, प्रथम वर्षाच्या ज्या विद्यार्थ्यांचे कौशल्य अपुरे, तेच स्वतःला अधिक जाणकार समजतात. मग ग्रंथपालाचा तास त्यांना निरर्थक वाटतो. शोधणे येतेच ना! शोधणे येते, पारखणे नाही.

पुढे तोच मुलगा पेढीवर बसतो, परगावच्या पुरवठादाराचे चकचकीत संकेतस्थळ पाहून आगाऊ रक्कम पाठवतो. माल येत नाही. वडील एवढेच विचारतात, ‘‘बाजारात कोणाला विचारलेस?’’