45 किलोमीटर, अधिक-उणे किती?

चंडीगढच्या इंडस्ट्रियल एरियात, फेज 2 मधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये, निर्वात उपकरणासाठी पोलादी फ्लँज करून घ्यायला गेलो होतो. लेथवरच्या वृद्ध सरदारजींनी माझे रेखाटन हातात घेतले, व्यासाचा आकडा वाचला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "टॉलरन्स किती?" तो लिहायचा राहून गेला होता. त्यांनी कागद मुकाट्याने परत केला आणि दुसऱ्याचे काम यंत्रावर चढवले. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाची यापेक्षा नेमकी कानउघाडणी दुसरी होऊ शकत नाही.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून आकडे दुरुस्त करीत असतानाच फोनवर ती बातमी आली. अहिल्यानगरच्या वाहन संशोधन व विकास आस्थापनेने तयार केलेल्या चाकांवरच्या स्वयंचलित तोफेची, म्हणजे माउंटेड गन सिस्टिमची. आठ चाकांचे वाहन, त्यावर 155 मिमी, 52 कॅलिबरची तोफ, एकूण वजन सुमारे 30 टन, 85 सेकंदांत सज्ज, मिनिटाला 6 गोळे, पल्ला 45 किलोमीटर. खाली अभिमानाची उधळण, आणि तिच्याखाली नेहमीची कुजकट शेरेबाजी. दोन्ही बाजूंच्या शेकडो प्रतिक्रियांत एकानेही सरदारजींचा प्रश्न विचारला नव्हता. सामान्य वाचकाला मी दोष देत नाही. बातमी विज्ञानाची म्हणून छापली गेली होती, आणि माझे भांडण ती तशी लिहिणाऱ्यांशी आहे.

आधी न्यायाने बोलू. हे यंत्र खरोखर विलक्षण आहे. 52 कॅलिबर म्हणजे नळीची लांबी व्यासाच्या 52 पट, 8.06 मीटर. तेवढ्या अंतरात सुमारे 45 किलोचा गोळा शून्यापासून सेकंदाला साधारण 930 मीटर वेगापर्यंत पोचतो. त्याची गतिज ऊर्जा 19 मेगाज्यूलहून अधिक भरते; हे 30 टनी वाहन ताशी 130 किलोमीटरने धावत असेल तर त्याच्यात जेवढी ऊर्जा असेल, तेवढी. इतका मार सहन करायला पूर्वी रणगाड्यासारखा पट्ट्यांवरचा जड सांगाडा लागे. चेकोस्लोव्हाकियाने ‘डाना’ आणि दक्षिण आफ्रिकेने ‘जी 6’ या तोफा चाकांवर चढवून दाखवल्या; फ्रान्सची ‘सीझर’ आणि स्वीडनची ‘आर्चर’ त्याच वाटेवरच्या. आपल्या अभियंत्यांनी अशा वाहनाचे गणित जुळवले असेल तर टोपी काढून त्यांना सलाम.

पण 45 किलोमीटर म्हणजे काय? 45 अंशांत, 930 मीटर वेगाने सोडलेला गोळा निर्वातात 88 किलोमीटर जाईल. बारावीचा विद्यार्थी हे दोन ओळींत काढतो. म्हणजे निम्मा पल्ला हवा खाते. आता समुद्रसपाटीपासून 5000 मीटरवर हवेची घनता खालच्या हवेच्या 60 टक्क्यांच्या आसपास उरते. तीच तोफ, तोच गोळा, तीच दारू. पोखरणला एक आकडा येईल आणि लडाखला दुसरा, कितीतरी मोठा. गोळ्याच्या बुडाशी वायू सोडून तिथली पोकळी भरणारी बेस-ब्लीडची सोय असेल तर तिसरा. नळीमागच्या चेंबरचे आकारमान वाढवले तर चौथा: नाटोच्या संकेताप्रमाणे 52 कॅलिबर तोफेचे चेंबर 23 लिटरचे असते, तर पुण्याच्या पाषाण येथील आयुध संशोधन व विकास आस्थापनेने रचलेल्या अटॅग्ज या ओढून न्यायच्या तोफेचे 25 लिटरचे. 2017 साली तिने 48 किलोमीटरच्या आसपास मजल मारली, तेव्हा जागतिक विक्रमाचे ढोल वाजले. त्यामागे त्या जादा दोन लिटरांचा, म्हणजे अधिक दारूचा आणि नळीवरच्या अधिक ताणाचाही वाटा होता, हे ढोल वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी लिहिले?

आणि आता सरदारजींचा प्रश्न. बाहेर पडतानाच्या वेगात सेकंदाला केवळ 1 मीटरचा फरक पडला, तर निर्वाताच्या हिशेबाने 45 किलोमीटरवर गोळा सुमारे 100 मीटर पुढे किंवा मागे पडतो. हवेमुळे हा फरक काहीसा घटेल, पण मग वारा आणि हवेचे तापमान आपापली भर घालतील. दारू पहाटे थंड असते, दुपारी तापलेली असते. तेवढ्यानेही वेग बदलतो. प्रत्येक बारानिशी तप्त वायू नळीचे पोलाद किंचित खरवडून नेतात आणि वेग हळूहळू उतरतो. युक्रेनला मिळालेल्या पाश्चात्त्य तोफांचे हेच झाले: अखंड माऱ्याने नळ्या झिजल्या आणि दुरुस्तीसाठी तोफा देशाबाहेर न्याव्या लागल्या. नव्या नळीचा पल्ला आणि हजार बार झाल्यानंतरचा पल्ला यांत केवढे अंतर, हा प्रश्न आपल्या विज्ञान-बातमीदाराला कधी पडल्याचे मला आठवत नाही.

हा कीस कशासाठी, असे कोणी विचारील. 1999 साली कारगिलमध्ये बोफोर्सने जे केले ते आठवावे. विरळ हवेत तिचा पल्ला वाढला होता हे खरेच. पण तोलोलिंग आणि टायगर हिल यांच्या उतारांवर आपलेच जवान वर चढत होते आणि त्यांच्या डोक्यावरून गोळे शिखरावर पडत होते. तिथे 100 मीटरची चूक म्हणजे काय, हे सांगायला बॅलिस्टिक्सचे पुस्तक उघडावे लागत नाही.

85 सेकंदांची गोष्ट तर आणखी गंमतीची. हा वेळ थांबून सज्ज होण्याचा. पहिला बार होईपर्यंत शत्रूच्या रडारला तुम्ही दिसतच नाही. घड्याळ खरे सुरू होते ते गोळा हवेत गेल्यावर. तो 45 किलोमीटर जायला दीड-दोन मिनिटे तरी घेतो. तेवढ्यात रडार त्याचा मार्ग पकडते, उलट गणित करून तोफेची जागा काढते आणि प्रत्युत्तर निघते. चाकांचा सारा फायदा इथे आहे: मारा आणि पळा. तेव्हा मला हवी ती संख्या शेवटच्या बारापासून वाहन हलेपर्यंतची. ती मी वाचलेल्या बातमीत नव्हती. शिवाय युक्रेनच्या आकाशात आता तासन्‌तास घिरट्या घालणारे ड्रोन आहेत. त्यांना गोळ्याची वाट पाहावी लागत नाही, रस्त्यावरचे वाहनच दिसते. सीझरसारख्या चपळ तोफाही लॅन्सेट ड्रोनला बळी पडल्या आहेत. चाकांवरच्या तोफेचे महत्त्व यामुळे संपले असे मी मानत नाही. लपण्याची, फसवण्याची आणि विखरून राहण्याची कला आता वेगाइतकीच मोलाची झाली आहे, आणि तिच्यावर एक ओळही नसणारी बातमी दहा वर्षे शिळी आहे.

योगायोग असा की या वर्कशॉपपासून काही मिनिटांच्या अंतरावर, सेक्टर 30 मध्ये, टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. 1961 साली स्थापन झालेल्या या प्रयोगशाळेचा विषयच मुळी प्रवासाच्या शेवटाचा: गोळा पोचल्यावर काय होते, तुकडे कसे उडतात, आघाततरंग कसा पसरतो. सुतारवाडीची उच्च ऊर्जा पदार्थ प्रयोगशाळा दारूचे रसायन पाहते. तोफ म्हणजे या सगळ्यांची बेरीज, पण छायाचित्र निघते ते नळीचे.

आणि अपघात झाला की तेही नाही. सप्टेंबर 2020 मध्ये पोखरणला चाचणीदरम्यान अटॅग्जची नळी फुटली, माणसे जखमी झाली. नळी का फुटते, दाबाची लाट चेंबरमध्ये कशी उसळू शकते, हे विद्यार्थ्यांना समजावण्याची ती उत्तम वेळ होती. तसा एकही मराठी लेख माझ्या वाचनात आला नाही. 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट होऊन 8 कामगार गेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी 307 अटॅग्ज तोफांसह सुमारे 6,900 कोटी रुपयांचे करार झाले. दुसरी बातमी विज्ञानाच्या पानावर गेली, पहिली दुर्घटनांच्या. स्फोटक पदार्थ हाताळण्याचे शास्त्र हे शास्त्र नव्हे, असे कोणी ठरवले? युरोपीय संघाने मार्च 2023 मध्ये वर्षभरात 10 लाख गोळे पुरवण्याचे वचन दिले आणि मुदतीत ते पाळता आले नाही, कारण तोफा होत्या, पण गोळे आणि दारू पुरेशा वेगाने तयार होत नव्हती. भंडाऱ्यातल्या कामगाराचे हात हा तोफेच्या पल्ल्याइतकाच युद्धाचा भाग आहे.

गोपनीयतेचे उत्तर मला पाठ आहे. कोणीही आराखडे मागत नाही. चेंबरचे लिटर जाहीर आहेत, वेगाचा अंदाज कोणालाही करता येतो, नळीची झीज पाठ्यपुस्तकात आहे. आकडा कोणत्या उंचीवर, कोणत्या गोळ्याने आणि किती बारांच्या सरासरीने आला, एवढे विचारण्याने देशाची सुरक्षा धोक्यात येत नाही. आणि उत्तर मिळत नसेल, तर ‘हे सांगितले गेले नाही’ असे चार शब्द छापायला काय हरकत आहे?

विद्यार्थिमित्रांनो, तोवर तुम्हीच करून पाहा. वजन 45 किलो, व्यास 155 मिमी, वेग 930. हवेची घनता उंचीनुसार घटू द्या, अवरोध-गुणांक ध्वनिवेगाच्या आसपास बदलू द्या, आणि पंधरा-वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहा. आधी पोखरण, मग 5000 मीटर. उत्तरे खाली प्रतिक्रियांत टाका, अधिक-उण्यासकट. ते नसेल तर कागद परत येईल.