किनाऱ्यावर टारबॉल येतात, मग सॅटेलाइटला जहाज का सापडत नाही?

पावसाळा जवळ आला की गोवा-कोकणच्या किनाऱ्यांवर डांबरासारखे काळे गोळे येऊन पडतात. हे टारबॉल. समुद्रात सांडलेलं किंवा जहाजांनी टाक्या धुऊन गुपचूप सोडलेलं तेल घट्ट होऊन ते बनतात. दरवर्षी बातमी येते आणि प्रश्नही तोच: एवढे सॅटेलाइट फिरतायत, मग तेल कोणी सोडलं ते दिसत नाही?

तेल दिसतं. युरोपचा सेंटिनेल-१ समुद्रावर तिरक्या रडार लहरी सोडतो. पाण्यावरच्या बारीक लाटांना आपटून त्यातल्या काही परत येतात. तेलाचा तवंग या लाटा दाबून टाकतो, त्यामुळे तेवढा भाग फोटोत काळा दिसतो. रात्र असो वा ढग, रडारला फरक पडत नाही. वर हा डेटा फुकट!

गोची वाऱ्याची आहे. मी एकदा हा डेटा उतरवून काळे डाग शोधणारा छोटा प्रोग्राम लिहिला होता. पठ्ठ्याने अर्धा समुद्र तेलकट ठरवला. वारा सेकंदाला दोन-तीन मीटरच्या खाली गेला की स्वच्छ पाणीही गुळगुळीत होतं आणि काळंच दिसतं. उलट वारा १०-१२ मीटरच्या वर गेला की तवंग फाटतो, पाण्यात मिसळतो. म्हणजे जो मान्सूनचा वारा टारबॉल आपल्या दारात आणतो, तोच वर पुरावा पुसत असतो. इथे कितीही भारी एआय मॉडेल लावा, फोटोत नसलेलं ते कुठून दाखवणार?

बरं, डाग मिळाला तरी जहाज कुठलं? त्यासाठी एआयएस, म्हणजे जहाजाने स्वतः प्रसारित केलेलं स्थान, डागाशी जुळवतात. पण ज्याला तेल सोडायचंय तो एआयएस बंदही करू शकतो. शिवाय सॅटेलाइट त्या वेळी डोक्यावर हवा. सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला, १सी डिसेंबर २०२४ मध्ये वर गेला. मधली तीन वर्षं एकट्या १एवर, आणि त्याची तीच फेरी १२ दिवसांनी. छोटा तवंग तेवढा थांबत नाही. २०२५ मध्ये गेलेल्या निसारकडून लोकांना फार आशा आहे, पण त्याचीही फेरी १२ दिवसांचीच आणि मुख्य काम जमीन व बर्फाचं.

मला जास्त भरवसा उलट्या दिशेच्या तपासावर वाटतो. गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था टारबॉलचे रासायनिक ठसे तपासते. वारा-प्रवाहांचं मॉडेल मागे चालवून तेल साधारण कुठून निघालं तेही काढता येतं. मग त्या पट्ट्यातले जुने रडार फोटो बघायचे. फक्त ठसा जुळवायला संशयित जहाजातलं तेल हातात लागतं, आणि तोवर ते जहाज दुसऱ्या देशाच्या बंदरात पोचलेलं असतं.