तुलना संविधानांची, प्रश्न जमिनीचा

संविधानांचा तौलनिक अभ्यास हा विद्यापीठातील विद्वानांचा विषय आहे, अशी समजूत कार्यकर्त्यांमध्ये रूढ आहे. घटना समितीचा इतिहास वेगळे सांगतो. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी १९४७ मध्ये अमेरिका, कॅनडा, आयर्लंड व ब्रिटन येथे जाऊन तेथील जाणकारांशी विचारविनिमय केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी अमेरिकन व ब्रिटिश पद्धतींची तुलना केली आणि कार्यकारी सत्तेच्या स्थैर्यापेक्षा तिच्या जबाबदारीला अधिक महत्त्व का दिले, हे विशद केले. तुलना म्हणजे निवड. आणि निवड ही नेहमीच राजकीय असते.

त्या काळी हे काम मोठ्या ग्रंथालयांवाचून अशक्य होते. आज ती अडचण उरलेली नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'कॉन्स्टिट्यूट' या संकेतस्थळावर जगातील बहुतेक देशांची संविधाने विनामूल्य वाचता येतात. एकाच विषयावरील दोन देशांची कलमे शेजारी शेजारी ठेवता येतात. घटना समितीतील चर्चाही आंतरजालावर उपलब्ध आहे. प्रश्न आहे तो या साधनाने काय शोधायचे हा.

राजुऱ्याचेच उदाहरण घ्यावे. पूर्वी हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात असलेला हा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यात आला. येथे एकीकडे गोंड व कोलाम वस्त्या आहेत, तर दुसरीकडे सास्तीसारख्या कोळसा खाणी आणि चुनखडीवर उभे राहिलेले सिमेंटचे कारखाने. खनिज काढण्यापूर्वी कोणाला विचारायचे आणि उत्पन्नात वाटा कोणाचा, हाच येथील मूलभूत प्रश्न होय.

आपल्या संविधानाची पाचवी अनुसूची राज्यपालांना अनुसूचित क्षेत्रातील जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालण्याचा अधिकार देते. खनिजांविषयी ती मौन बाळगते. ब्राझीलच्या १९८८ च्या संविधानातील २३१ वे कलम तिच्याशेजारी ठेवून पाहावे. आदिवासींच्या भूमीवरील खाणकामास राष्ट्रीय संसदेची अनुमती हवी, त्याआधी संबंधित समाजांचे म्हणणे ऐकले पाहिजे आणि खाणकामाच्या लाभात त्यांना वाटा मिळाला पाहिजे, असे ते कलम सांगते. आपल्याकडे भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय १९९६ च्या पेसा कायद्याने आला, तर खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान २०१५ च्या दुरुस्तीने. दोन्ही साधे कायदे आहेत. संसदेचे साधे बहुमत ते बदलू शकते. हा भेद कार्यकर्त्याला ठाऊक असलाच पाहिजे.

तथापि, कलम उत्तम म्हणजे हक्क सुरक्षित, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी ताब्यात असलेल्या भूमीवरच आदिवासींचा हक्क, हा दावा ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळला. त्याच वर्षी तेथील संसदेने तीच अट कायद्यात घातली. उलट, गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने साध्या कायद्याच्या आधारे २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आणला. ही किमया शब्दांची नव्हे. वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या आणि एकमताने निर्णय घेणाऱ्या गावाची आहे.

म्हणून तौलनिक अभ्यास अभ्यासमंडळात सुरू झाला तरी तेथेच संपता कामा नये. तालुक्यातील दोन-तीन तरुण कार्यकर्त्यांनी अशी कलमे शोधावीत, सोप्या मराठीत उतरवावीत, गोंडीतून समजावून सांगणारा साथी सोबत घ्यावा आणि ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावीत. अन्य देशांतील श्रमिकांनी व आदिवासींनी जे संविधानात लिहून घेतले, ते येथे का मागू नये, हा प्रश्न गावकऱ्यांच्या तोंडून निघेल, तेव्हाच हा अभ्यास सार्थकी लागला असे म्हणता येईल.